गोठ्यातला आजार, माणसाचा ताप आणि दोन वह्या

सिन्नर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर सातव्या महिन्यात गाय गाभडते, म्हणजे दिवस भरण्याआधीच वासरू टाकते, असं धरून चालू. घरचा माणूस उघड्या हातांनी वार (वासराबरोबर पडणारी झिल्ली) काढतो, मेलेलं वासरू बांधाच्या कडेला टाकून देतो, हात धुतो आणि डेअरीला दूध घालायला निघतो. काही आठवड्यांनी त्याला ताप यायला लागतो. संध्याकाळी चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजवून उतरतो. कंबर धरते, सांधे ठणकतात. गावातले डॉक्टर टायफॉइडच्या गोळ्या देतात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा ताप. मग मलेरियाची तपासणी होते, मग टीबीची. तोवर ती गाय बाजारात विकली गेलेली असते.

उदाहरण मी रचलेलं आहे, पण लक्षणं आणि क्रम ब्रुसेलोसिसचा आहे. हा जनावरांचा सांसर्गिक गर्भपाताचा रोग. त्याचे जिवाणू गाभडलेल्या जनावराच्या वारेत आणि स्रावात प्रचंड संख्येने असतात, कच्च्या दुधातही उतरतात. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला नीट विते, म्हणून मालकाला वाटतं की ती बरी झाली. प्रत्यक्षात ती जिवाणू पसरवत राहू शकते. माणसाला लागण झाली की दोन प्रतिजैविकं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात, आणि ती सुरू होण्याआधी कुणाला तरी हा आजार सुचावा लागतो.

न सुचण्याचं कारण बुद्धीत नाही, रचनेत आहे. गाय गाभडल्याची नोंद झालीच, तर ती पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वहीत होते. माणसाच्या तापाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत. या दोन इमारती एकाच गावात, एकाच रस्त्यावर असू शकतात. पण एका वहीतली ओळ दुसऱ्या वहीपर्यंत जाण्याचा नेहमीचा, पक्का असा रस्ता नाही. डॉक्टरांना गायीचं कळलं असतं तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात वेगळी रक्त तपासणी सांगितली असती. पशुवैद्यकांना माणसाच्या तापाचं कळलं असतं तर त्यांनी गोठ्यातली बाकीची जनावरं तपासली असती, गाय बाजारात जाऊ दिली नसती.

माणूस, जनावर आणि त्यांच्या भोवतालचं पाणी, माती, जंगल यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करण्याच्या पद्धतीला जगभर ‘वन हेल्थ’ म्हणतात. सरकारी कागदांत ‘एक आरोग्य’ असंही लिहितात. त्यामागचं कारण अगदी व्यावहारिक आहे. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के प्राण्यांतून आलेले आहेत, आणि नव्याने उद्भवणाऱ्या रोगांत हे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे पुढची साथ आधी गोठ्यात, खुराड्यात किंवा जंगलात दिसण्याची शक्यता जास्त आहे. तिथे बघणारी खाती वेगळी, दवाखान्यात बघणारं खातं वेगळं. ती खाती एकमेकांशी बोलतात का, कधी बोलतात आणि बोलल्यावर काय करतात, एवढाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

अंजनेरीची गिधाडं आणि शहरातली कुत्री

खाती न बोलल्याने काय होतं, याचं सर्वात मोठं भारतीय उदाहरण गिधाडांचं आहे, आणि ते नाशिककरांना परकं नाही. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकण्याची जागाही राखली आहे.

१९९० च्या दशकात देशभर गिधाडं मरायला लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. आधी सगळ्यांना विषाणूचा संशय होता. कारण सापडलं २००४ मध्ये, शेजारच्या पाकिस्तानातल्या संशोधनातून: डायक्लोफेनॅक. आपण गुडघेदुखीला घेतो तेच वेदनाशामक. ते स्वस्त झालं आणि जनावरांनाही सर्रास दिलं जाऊ लागलं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, असं शास्त्रज्ञांचं गणित सांगतं. गिधाडं थव्याने एकाच जनावरावर उतरतात, म्हणून.

पुढचा भाग आरोग्य खात्याच्या दारात येतो. गावाबाहेर टाकलेली ढोरं कुजत राहिली. पाण्यात घाण उतरली. जे मांस गिधाडं तासाभरात संपवायची ते भटक्या कुत्र्यांना मिळू लागलं. कुत्री वाढली, आणि त्यांच्या चाव्यातून होणारा रेबीजही. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, गिधाडं पूर्वी भरपूर असलेल्या जिल्ह्यांची तुलना गिधाडं नसलेल्या जिल्ह्यांशी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली.

आता यात चूक कोणत्या खात्याची? पशुवैद्यकाने दुखणाऱ्या जनावराला वेदनाशामक दिलं, हे त्याचं कामच. औषध प्रशासनाने माणसासाठी सुरक्षित ठरलेल्या औषधाला परवानगी दिली. वनविभाग जंगलातले पक्षी मोजत होता. आरोग्य विभाग कुत्रा चावलेल्यांना लस देत होता. प्रत्येकजण आपापल्या हद्दीत बरोबर होता आणि तरी लाखो माणसं गेली. म्हणूनच ‘सगळ्यांनी आपापलं काम चोख करावं’ हा उपाय मला पुरेसा वाटत नाही.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर सरकारने २००६ मध्ये बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांचा आकारही मर्यादित केला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या गिधाडांना तशाच घातक वेदनाशामकांवर जनावरांसाठी बंदी आली. मेलोक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे आणि तो दुकानात मिळतो. खोरीपाड्यासारख्या जागी ढोर टाकण्याआधी त्याला शेवटी कोणतं इंजेक्शन दिलं होतं हे कळायला हवं, आणि ते फक्त पशुवैद्यक सांगू शकतो. गिधाड वाचवायचं तर वनरक्षकाला पशुवैद्यकाचा फोन नंबर पाठ असायला हवा.

कुत्र्यांचा प्रश्न तर प्रत्येक गल्लीत आहे. कचरा उचलायची जबाबदारी महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या स्वच्छता यंत्रणेची. कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, त्याला तांत्रिक मदत पशुसंवर्धनची. चावलेल्या माणसाची लस आणि सिरम आरोग्य खात्याकडे. आणि उसातल्या बिबट्याचं प्रकरण वनविभागाकडे. बिबट्या इथे कुठून आला, असं वाटेल. आपल्या सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत पिंजरे लावताना हे लक्षात ठेवायला हवं: उघडा कचरा कुत्री वाढवतो, कुत्री बिबट्याला वस्तीजवळ पोसतात. पिंजरा एका बिबट्याला नेतो आणि जेवण तिथेच राहतं.

केंद्राने २८ सप्टेंबर २०२१ ला रेबीज निर्मूलनाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवणं हे त्याचं उद्दिष्ट. त्यासाठी एका भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली पाहिजे. आज पैसा आणि धावपळ मुख्यतः चावून झाल्यावरच्या लशीवर होते, कारण चावलेला माणूस दवाखान्यात येतो आणि मोजला जातो. लस न दिलेला कुत्रा कुणाच्याच वहीत नसतो. (मध्येच एक सांगून ठेवतो: कुत्रा चावला किंवा ओरबाडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार नाही.)

जिथे जमलं: नवापूर

समन्वय कसा दिसतो हे बघायचं तर आपल्याच महसूल विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात जावं लागेल. भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या कुक्कुटपालन केंद्रांत फेब्रुवारी २००६ मध्ये आढळला. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले, तिथून निदान पक्कं झालं आणि काही दिवसांत लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. माणसाला लागण झाली नाही.

त्यानंतर राष्ट्रीय कृती आराखडा सुधारत गेला. आजची पद्धत साधारण अशी आहे. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी नष्ट करायचे, त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. जिल्हाधिकारी आदेश काढतात. पशुसंवर्धनची पथकं संरक्षक पोशाख घालून काम करतात, आरोग्य विभाग त्याच पथकातल्या लोकांना प्रतिबंधक गोळ्या देतो आणि पुढचे काही दिवस त्यांचा ताप मोजतो. वनविभाग पाणथळ जागी मेलेले पक्षी शोधतो. पोलीस वाहतूक अडवतात. आणि मालकाला नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते.

या शेवटच्या वाक्यावर मला थांबावंसं वाटतं. भरपाई नसेल तर शेतकरी मर लपवतो. घाईने पक्षी विकून टाकतो, मेलेले नाल्यात फेकतो. त्याच्यावर कर्ज आहे, तो दुसरं काय करणार? समन्वयाच्या बैठकीत कितीही खाती बसवली तरी पहिली खबर देणारा माणूस हा कोंबडीवाला, गुराखी, दूधवाला असतो. खबर दिल्याने त्याचं नुकसान होत असेल तर खबर येणार नाही. जनावरांतल्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने रोगाची माहिती देणं मालकावर बंधनकारक केलं आहे, पण कायद्याच्या धाकापेक्षा भरपाईचा चेक लवकर पोचणं जास्त उपयोगी पडतं. २०२२ मध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा राज्य सरकारने मेलेल्या जनावरांची भरपाई जाहीर केली, आणि लोक नोंदीला पुढे आले ते त्यामुळेही. लम्पी माणसाला होत नाही, पण घरातली दुभती गाय गेली की मुलांच्या वाटीतलं दूध जातं. तेही आरोग्यच.

नाशिकला बर्ड फ्लूची काळजी करायला खास कारण आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ नांदूरमधमेश्वर आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली, पाणथळ जागा. हिवाळ्यात मध्य आशियाच्या मार्गाने हजारो पक्षी तिथे उतरतात, आणि त्याच परिसरात कुक्कुटपालनाच्या शेड आहेत. पक्ष्यांना हाकलून काही साधणार नाही; शेडची जाळी, पाण्याची टाकी झाकणं, आत-बाहेरच्या चपला वेगळ्या ठेवणं याने साधेल. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या तपासणीत त्यांना बर्ड फ्लू झाल्याचं निघालं. कोंबडीच्या रोगाची खबर आता वनाधिकाऱ्याला लागते ती अशी.

डाळिंबाच्या बागेत टीबीचं औषध

या विषयावर बोलताना कृषी खात्याची आठवण सहसा कुणाला होत नाही. नाशिकमध्ये ती सर्वात आधी व्हायला हवी.

कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागात डाळिंबावर तेल्या पडतो. फळावर तेलकट काळे डाग, मग भेगा. एका बहारात सगळी बाग हातची जाते. या रोगाने कितीतरी बागा उपटल्या गेल्या. तेल्या हा बुरशीचा रोग नाही, जिवाणूचा आहे. म्हणून त्यावर प्रतिजैविकाची फवारणी रूढ झाली. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं.

स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवर लागू पडलेलं पहिलं प्रतिजैविक, १९४० च्या दशकातलं. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी ते आजही राखीव शस्त्र म्हणून ठेवलेलं आहे. तेच आपण पंपात कालवून झाडांवर, मातीवर, ओढ्याच्या पाण्यावर फवारतो. मातीतल्या असंख्य जिवाणूंपैकी जे या औषधाला पुरून उरतात तेच वाढतात, आणि प्रतिकाराचा हा गुण एका जातीचे जिवाणू दुसऱ्या जातीला देऊ शकतात. दवाखान्यात जी औषधं ‘लागू पडत नाहीत’ असं आपण ऐकतो, त्याची मुळं दवाखान्यातल्या अति वापरात आहेतच, पण शेडमध्ये आणि बागेतही आहेत.

बागायतदाराला दोष देऊन हात झटकणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्यासमोर बाग जाते आहे आणि दुकानदार म्हणतो, ‘मारून बघा.’ केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन औषधांचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. पण हे का, हे बागायतदाराला बांधावर येऊन कोण सांगणार? कृषी सहायकाला तेल्या माहीत आहे, टीबीचं वेळापत्रक माहीत नाही. टीबी पर्यवेक्षकाला टीबी माहीत आहे, बहार माहीत नाही. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने रोगमुक्त रोपं, बागेला विश्रांती, योग्य बहाराची निवड, रोगट फांद्या छाटून जाळणं असा मार्ग सांगितला आहे. तो कष्टाचा आहे, पण आहे. दोन खात्यांची माणसं एकाच शेतकरी मेळाव्यात एकाच व्यासपीठावर बसली तर हा निरोप अर्ध्या तासात पोचेल.

कुक्कुटपालनात असा एक निर्णय झालेला आहे. कोलिस्टिन हे अत्यवस्थ रुग्णांसाठीचं शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात मिसळलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

दिल्लीपासून गावच्या दवाखान्यापर्यंत

जागतिक पातळीवर आरोग्य, अन्न व शेती, प्राणी आरोग्य आणि पर्यावरण या विषयांच्या चार आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०२२ मध्ये एकत्र करार करून २०२६ पर्यंतचा संयुक्त आराखडा केला. भारतात राष्ट्रीय वन हेल्थ मिशनला पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेने जुलै २०२२ मध्ये हिरवा कंदील दाखवला. राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात बसली, आणि २०२४ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने मिशनच्या संचालकाचं पद मंजूर केलं. डझनभराहून जास्त मंत्रालयं आणि विभाग यात आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानात अजमेरला ‘विषाणू युद्ध अभ्यास’ या नावाने सराव झाला: प्राण्यांतून माणसात आलेल्या एका काल्पनिक साथीची खबर आली तर कोण कुठे धावेल, हे प्रत्यक्ष करून पाहिलं. असा सराव हजार परिपत्रकांपेक्षा जास्त शिकवतो असं माझं मत आहे, कारण कुणाचा फोन लागत नाही हे त्यातच कळतं.

केरळने २०१८ मध्ये आलेल्या, वटवाघळांतून माणसात येणाऱ्या निपाह विषाणूच्या साथीनंतर गावपातळीवर स्वयंसेवकांमार्फत माणसं आणि जनावरं यांच्या आजारांवर एकत्र नजर ठेवण्याचं काम चार जिल्ह्यांत उभं केलं. आपल्याकडे निपाहचा रुग्ण आढळलेला नाही, पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत या विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या.

जिल्ह्यात आल्यावर मात्र गाडी जड होते. आरोग्य खात्याची साथरोग माहिती ‘एकात्मिक आरोग्य माहिती मंच’ या संगणकीय प्रणालीत भरली जाते. जनावरांची माहिती ‘भारत पशुधन’मध्ये, कानातल्या बारा अंकी बिल्ल्याच्या नंबरावर. जंगलात मेलेल्या प्राण्याचा पंचनामा वनविभागाच्या फाइलीत. पाण्याचे अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. तिथे हद्दी वेगळ्या, वरिष्ठ वेगळे, वार्षिक निधीचे लेखाशीर्ष वेगळे. नाशिक शहराची महापालिका, मालेगावची महापालिका, देवळालीचं कटक मंडळ आणि ग्रामीण भागाची जिल्हा परिषद. विषाणूला यांतली एकही सीमा दिसत नाही. प्राण्यांतून येणाऱ्या आजारांसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या असाव्यात हे केंद्राच्या कार्यक्रमात आहेच. पण समितीला स्वतःचा पैसा नसेल आणि तिच्या सचिवाचं हे सातवं जादा काम असेल, तर ती साथ आल्यावरच भरते.

हे काम अवघड असतं म्हणणाऱ्यांना मी निर्यातीच्या द्राक्षांकडे बोट दाखवतो. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी कृषी विभागाकडे होते, फवारण्यांची नोंद शेतकरी ठेवतो, नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची त्यावर देखरेख असते, पुढे प्रतवारी आणि रोगमुक्ततेचा दाखला, आणि हे सगळं ‘ग्रेपनेट’ या एकाच प्रणालीत दिसतं. युरोपात पेटी उघडणाऱ्याला ती पिंपळगावच्या कोणत्या बागेतली, इथवर माग काढता येतो. नमुन्यात अंश जास्त सापडला तर इशारा सगळ्यांना एकदम जातो. २०१० मध्ये एका वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि त्यानंतर तपासण्या आणखी कडक झाल्या. केंद्र, राज्य, खासगी प्रयोगशाळा, निर्यातदार आणि शेतकरी एका धाग्यात आले, कारण माल परत येण्याचा तोटा सगळ्यांना एकत्र भोगावा लागत होता.

माणसाच्या तापाची किंमत अशी एकत्र मोजली जात नाही. ब्रुसेलोसिसने अंथरुणाला खिळलेल्या गड्याच्या बुडालेल्या मजुरीचा आकडा पशुसंवर्धनच्या अहवालात येत नाही. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच द्यायची ब्रुसेलोसिसची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत आहे. पण ती न दिल्याने जो ताप येतो तो दुसऱ्याच खात्याचा खर्च. माझ्या मते सुरुवात इथून करावी: जिल्हा परिषदेत महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवून वाचणारी एक व्यक्ती नेमावी. पूर्णवेळ, नावानिशी, गाडी आणि नमुने पाठवायच्या पैशांसह. सिन्नरच्या एका केंद्राखाली गाभडलेल्या गायी वाढल्या आणि त्याच केंद्रात न उतरणारे ताप वाढले, हे तिला नकाशावर दिसेल. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी तर हे आताच ठरायला हवं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे, आणि अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे भर पावसाळ्यात. त्याच दिवसांत उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस वाढतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरांत अनवाणी उतरणाऱ्यांना तो धोका दरवर्षीच असतो. शहराचं सांडपाणी रामकुंडाखाली गोदावरीत जितकं कमी शुद्ध होऊन उतरेल, तितकं ते पुढे नांदूरमधमेश्वरच्या पाण्यात, माशांत आणि काठच्या विहिरींत जाईल. प्रक्रिया केंद्रांच्या सांडपाण्याचे नमुने दर आठवड्याला तपासले तर दवाखान्यात रांग लागण्याआधीच साथीची चाहूल लागू शकते. कोविडच्या काळात देशातल्या काही शहरांनी हे करून पाहिलं आहे, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर नाशिकमध्येच आहे. नमुना घेणार महापालिका, तपासणार प्रयोगशाळा, वाचणार आरोग्य विभाग. निकाल आला की कुणी, किती तासांत, कोणता घाट किंवा कोणती विहीर बंद करायची, हा अधिकार कुणाच्या सहीचा आहे ते आधी कागदावर हवं.

तोवर आपल्या हातात असलेलं थोडं. गाय गाभडली तर वारेला उघड्या हाताने शिवू नका, ती खोल पुरून वर चुना टाका, आणि दवाखान्यात कळवा. दूध उकळूनच प्या. आठवड्याहून जास्त ताप रेंगाळला तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, घरात कोणती जनावरं आहेत, कुठलं आजारी होतं, गेल्या महिन्यात भातात उतरलात का, कोंबड्या मेल्या का, हे आपण होऊन सांगा. आणि गावात आशाताई आल्या की माणसांबरोबर गोठ्याचीही खबर त्यांच्या कानावर घाला. ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राचा आढावा होतो त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याचाही ठेवा, म्हणजे निदान गावात तरी त्या दोन वह्या एका टेबलावर येतील.